नागपूरचे हॅम: वर्गणी रिपीटरला लावायची की मेशला?

बर्डीचा_डायपोल | रविवार, रात्री १०:४०

आज बैठकीत इतका आरडाओरडा झाला की मुद्दे राहिले बाजूला. म्हणून इथे धागा काढतोय. लिहिताना माणूस जरा थांबून बोलतो, असा अनुभव आहे. बघू.

जे आले नव्हते, किंवा हॅम रेडिओला (परवाना घेऊन हौसेने चालवायचा वायरलेस) नवीन आहेत, त्यांच्यासाठी: ग्रुपकडे वर्गणीचे चाळीसेक हजार पडून आहेत. दोन मीटर बँडचा (बँडला नाव तरंगलांबीवरून) आपला रिपीटर, म्हणजे हँडसेटचा सिग्नल पकडून उंचावरून परत सोडणारं यंत्र, गेल्या उन्हाळ्यापासून मुका आहे. बॅटरी फुगली आहे आणि डुप्लेक्सरचं (एकाच अँटेनावर ऐकणं आणि सोडणं वेगळं ठेवणारा फिल्टर) ट्यूनिंगही सरकलं असावं. सीनियर मंडळींचं म्हणणं, सगळे पैसे त्यातच घालायचे. नवीन पोरांचं म्हणणं, रिपीटर चालू होता तेव्हाही दिवसभर त्यावर शुकशुकाटच असायचा. त्यापेक्षा तेवढ्याच पैशात शहरात दहा-बारा मेशटॅस्टिक नोड (निरोप एकमेकांकडे पुढे सरकवणारे छोटे रेडिओ, त्यांचं जाळं म्हणजे मेश) बसवू आणि एखाद्या शाळेला एसडीआर रिसीव्हर (कॉम्प्युटरला लावून ऐकायचा रेडिओ) देऊ.

हे वरवरचं झालं. आतलं भांडण वेगळंच आहे. एक ज्येष्ठ म्हणाले, "कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलतो, त्याला मी हॅम म्हणत नाही." त्यावर एक पोरगा उठून म्हणाला, "मग तुमच्यानंतर चाळीस मीटरवर सकाळी सकाळी बीपीचे आकडे कोण सांगणार?" दोघंही इथे आहेत, नावं घेत नाही.

कॉलसाइन (परवान्यावरचं स्टेशनचं नाव) आणि पत्ते लिहू नका. बाकी मोकळेपणाने बोला.

आठशेसात | रविवार, रात्री ११:१५

लपवायचं काय, तो ज्येष्ठ मीच. वाक्यावर कायम आहे.

आम्ही सुरू केलं तेव्हा रेडिओ विकत मिळत नव्हता. युद्धातून उरलेला बीसी-३४८ रिसीव्हर मुंबईच्या चोरबाजारातून शोधून आणायचा आणि ट्रान्समीटर घरीच बांधायचा. शेवटच्या टप्प्याला ८०७ व्हॉल्व्ह, त्याच्या प्लेटवर पाच-सहाशे व्होल्ट. हात चुकला की माणूस भिंतीला जाऊन आदळायचा. क्रिस्टल ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा मिळाला नाही तर काचेवर बारीक पावडर टाकून घासायचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी थोडी वर सरकते. जास्त घासला की गेला. असं सगळं करून पहिला सीक्यू (कुणी ऐकतंय का, अशी हाक) दिला आणि पलीकडून कुणीतरी आपलाच कॉलसाइन परत म्हटला, हे ज्याने अनुभवलं त्याला एफटी८ वर पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने संगणकांनी उरकलेल्या देवाणघेवाणीचं काय कौतुक वाटणार? तुम्ही बटण दाबून चहा टाकायला जाता, परत येता तर लॉगमध्ये जपान, इटली, ब्राझील. बोललात कुणाशी? त्याच्याकडे पाऊस होता की ऊन?

दुसरं. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा टेलिफोन ठप्प होते आणि हॅम लोक एचएफ (लघुलहरींचे, लांब पल्ल्याचे) सेट घेऊन कच्छात उतरले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांची टीम डीएक्सपेडिशनसाठी (दुर्मिळ ठिकाणाहून दूरदूरचे संपर्क करायची मोहीम) पोर्ट ब्लेअरलाच होती. डीएक्स बाजूला ठेवून त्यांनी दिवसरात्र निरोप पोचवले. एफटी८ वर मोकळा मजकूर किती जातो? १३ अक्षरं. "तुमचा मुलगा सुखरूप आहे" हे १३ अक्षरांत बसवून दाखवा.

पोट्टा_एफटी८ | सोमवार, सकाळी ७:०५

बीपीवाला मी. आवाज चढला होता माझा, मुद्दा तोच आहे.

काका, १३ अक्षरं बरोबर. पण एफटी८ आपत्तीसाठी कोणी बनवलंच नाही. ते आहे कमजोर सिग्नलसाठी. आणि ज्यांनी बनवलं त्यांच्यातले जो टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आहे, जोड-पल्सारच्या (बायनरी पल्सार) शोधासाठी. स्टीव्ह फ्रँक यांच्यासोबत त्यांनी २०१७ ला एफटी८ काढलं तेव्हा त्यांचं वय होतं ७६. म्हणजे "आजकालच्या पोट्ट्यांचं खूळ" जे म्हणून राहिले तुम्ही, ते तुमच्याच वयाच्या माणसानं काढलेलं आहे.

आता माझं सांगतो. मी मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. घरमालक गच्चीवर कपडे वाळवायची दोरी बांधू देत नाही, तिथे वीस मीटरचा डायपोल (ताणलेल्या तारेची अँटेना) काय टाकू देणार? बाल्कनीच्या ग्रिलला एक कॉइलवाली व्हिप (छोटी काठीसारखी अँटेना) बांधली आहे, ती पण पडदा लावून. शेजारच्या छतावर सोलरचा इन्व्हर्टर, जिन्यात एलईडी, आणि मार्च लागला की चारी बाजूंनी कूलरच्या मोटरी. चाळीस मीटरवर गोंगाटानं सिग्नलची सुई एस-९ वरून खालीच येत नाही. या आवाजात तुमचं एसएसबी (आवाजातलं बोलणं) मला ऐकूच येत नाही, काका. एफटी८ पन्नास हर्ट्झमध्ये मावतं आणि गोंगाटाच्या वीसेक डेसिबल खालूनही डिकोड होतं. माझ्यासाठी बँड उघडा आहे तो त्याच्यामुळे. ऑक्टोबर २०२४ ला नासा आणि नोआनं (अमेरिकेची हवामान संस्था) सांगितलं की सूर्याचं चक्र कमाल टप्प्यात आलं. म्हणजे दहा मीटरवर पाच वॅटमध्ये जग फिरायचे दिवस. ते दिवस मी ग्रिलला लटकून काढले.

मला बोलायचं नाही असं नाही ना! बोलायला गच्ची लागते. तुमच्या पिढीनं प्लॉट घेतले, मास्ट उभे केले. आम्ही इएमआयवर वन बीएचके पाहून राहिलो, त्यात सोसायटीचा एनओसी.

निवृत्त_तारवाला | सोमवार, सकाळी ९:३०

मोर्सचा विषय निघणारच, म्हणून मीच काढतो. मी तारखात्यातला माणूस. १४ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा लोक रांगा लावून आठवणीची तार करत होते. त्याच्या कितीतरी आधी माझ्या हातातली मोर्सची की (खटका) गेली होती आणि टेलिप्रिंटर आला होता.

ग्रुपमध्ये सगळे गृहीत धरतात की मी मोर्सच्या बाजूने उभा राहणार. मी नाही. आम्ही मोर्स शिकलो ते पगारासाठी. चूक झाली तर मेमो मिळायचा. त्यात काव्य वगैरे काही नव्हतं. हॅमच्या परीक्षेला मोर्स हवाच, असं जे आग्रहाने म्हणतात त्यांना मी विचारतो: २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने तो निर्णय प्रत्येक देशावर सोडला. ब्रिटन आणि जर्मनीने त्याच वर्षी काढला, अमेरिकेने २००७ मध्ये काढला. तिथे सीडब्ल्यू (मोर्सवरचं बोलणं) मेला का? कुठल्याही शनिवारी-रविवारी स्पर्धा असली की सात मेगाहर्ट्झचा खालचा टोक ऐका. मुंगीला शिरायला जागा नसते. सक्ती गेली आणि हौस उरली.

आपल्याकडे मी जनरल ग्रेड (वरच्या परवान्याची परीक्षा) दिला तेव्हा मोर्सचे मिनिटाला आठ शब्द लागायचे. माझ्यासाठी ती झोपेतली गोष्ट. पण शेजारी बसलेली मुलं घामाघूम झाली होती, आणि त्यांच्यातले निम्मे थिअरीत माझ्यापेक्षा हुशार असावेत. ती मुलं व्हीयू३ (खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची) राहिली आणि आपल्याकडे व्हीयू२ वाल्यांनी (जनरलवाल्यांनी) व्हीयू३ कडे कसं बघायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नेटवर (रेडिओवरच्या ठरलेल्या बैठकीत) त्यांचा नंबर शेवटी येतो. यावर कुणी बोलत नाही.

पुणेकर_सीडब्ल्यू | सोमवार, सकाळी १०:१२

परगावचा म्हणून दोनच ओळी. हे रडगाणं फक्त तुमचं नाही. जपानमध्ये १९९५ च्या सुमारास तेरा लाखांहून जास्त हॅम स्टेशनं होती, आता चार लाखांच्याही खाली आलीत. त्यांच्याकडे यंत्रं जगातली उत्तम, बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्या. तरी ही गत. तेव्हा रिपीटर की मेश याने काही फरक पडेल असं वाटत नाही. बाकी, आमच्याकडे सीओईपी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये हॅम बँडवर निरोप पोचवणारा स्वयम उपग्रह सोडला, हे नम्रपणे नमूद करतो.

खापरी_नाका | सोमवार, सकाळी १०:२०

आला नम्रपणा.

लोराताई | सोमवार, दुपारी १:४५

मेशचा प्रस्ताव माझा होता, त्यामुळे मलाच उत्तर देऊ द्या. बैठकीत "खेळणं" हा शब्द ऐकला.

२३ सप्टेंबर २०२३. ज्यांची घरं अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीकडे नव्हती त्यांना ती तारीख आठवत नसेल. पहाटे ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी घरात. आमच्या तळमजल्यावर पाणी कमरेपर्यंत होतं. लाइट गेलेली. आई-बाबा वरच्या मजल्यावर, मी हॉस्टेलवर, फोन लागत नाही. नुसतं "आम्ही वर आहोत" एवढं जरी कळलं असतं तरी मला पुरे होतं. तेरा अक्षरंही नाहीत ती, काका.

तेव्हा रिपीटर चालू होता. शहरात लायसन्सवाले होते. त्या पहाटे रिपीटरवर कोण होतं? मला खरंच माहिती हवी आहे, टोमणा नाही.

मेश काय करतं ते सांगते. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला आपल्याकडे ठरावीक पॉवरच्या आत लायसन्स लागत नाही. एक लोरा (कमी विजेत लांब जाणारा रेडिओ) बोर्ड दोन-तीन हजारात येतो, फोनला ब्लूटूथने जोडायचा, निरोप टाइप करायचा. एक नोड दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. सेटिंग न बदलता तीन उड्या, जास्तीत जास्त सात. उंच टाकीवर एक सोलर नोड बसला तर अख्खा पश्चिम नागपूर त्याच्या नजरेत येतो. आणि मुख्य म्हणजे आईला परीक्षा द्यावी लागत नाही.

मी परीक्षा दिली आहे, पास आहे. लायसन्सचा कागद कुठल्या टेबलावर आहे ते कळत नाही. म्हणजे ग्रुपमध्ये बसून सल्ले ऐकायचे, पण पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचं नाही. या काळात माझ्या वयाची मुलं दुसरीकडे निघून जातात. वयाचा दोष नाही तो.

आठशेसात | सोमवार, दुपारी ३:१०

लोराताई, सरळ प्रश्न विचारलात, सरळ उत्तर देतो. त्या पहाटे मी झोपलो होतो. सहाला उठून सेट लावला. दोघे-तिघे आले. पण आमच्याकडे निरोप घेऊन येणारं कुणी नव्हतं आणि निरोप द्यायचा कुणाला तेही ठरलेलं नव्हतं. पूरग्रस्त भागात आमचा एकही माणूस नव्हता. यंत्र होतं, व्यवस्था नव्हती.

तेवढं मान्य. आता मेशचं. निरोप गेला की नाही हे तुम्हाला टिकमार्कवरून कळेल. पण त्या नोडची बॅटरी एप्रिलमध्ये ४५ अंशांत टाकीवर भाजल्यानंतर सप्टेंबरात जिवंत आहे का, हे बघायला वर चढणार कोण? रिपीटरचं नेमकं हेच झालं. यंत्र उत्तम होतं, वर जाणारे गुडघे संपले. तुम्ही एकाऐवजी बारा ठिकाणी तेच लावायला निघालात.

आणखी एक. हॅमला सांकेतिक भाषा चालत नाही, आपलं सगळं उघड्यावर. मेशचे निरोप कुलूपबंद असतात. ते बेकायदा नाही, तो बँडच वेगळा, हे मला कळतं. पण मग ते हॅम नाही. चांगली गोष्ट आहे, जरूर करा. हॅमच्या वर्गणीतून का, एवढाच प्रश्न.

नवा_ऐकणारा | सोमवार, दुपारी ३:४०

नमस्कार. मी ऑनलाइन एक चायनीज वॉकीटॉकी घेतली होती दोन वर्षांपूर्वी. लायसन्स नाही. रिपीटर सुरू झाला की फक्त एकदा दाबून पाहिलं तर चालेल का?

पोट्टा_एफटी८ | सोमवार, दुपारी ३:४२

नाही बे.

बर्डीचा_डायपोल | सोमवार, दुपारी ३:५५

नवा_ऐकणारा, दाबणं सोडा, परवान्याशिवाय तो सेट बाळगणंही नियमात बसत नाही. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच विक्रीवरून मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या, वाचलं नाही का? वय बारा पूर्ण असेल तर परीक्षा देता येते, तुमचं नक्कीच असेल. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही. तोवर एक यूएसबी एसडीआर घ्या, लॅपटॉपला लावा, ऐका. आणि बैठकीला या, कुणी हाकलणार नाही.

खापरी_नाका | सोमवार, दुपारी ४:०१

हाकलणार नाही, फक्त दोन पिढ्या मिळून समजावतील.

भामरागड_रोड | सोमवार, रात्री ८:५०

मी आरोग्याच्या कामासाठी गडचिरोलीत फिरतो, महिन्यातून एकदा नागपूरला येतो. तुमचं भांडण वाचून मजा वाटली, कारण दोन्ही उपाय बर्डीपासून पंचवीस किलोमीटरवर संपतात.

भामरागड दर पावसाळ्यात तुटतं. पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली, टॉवर बंद. तिथून अहेरी, गडचिरोली, नागपूर असा निरोप आणायला दोन मीटरचा रिपीटर कामाचा नाही, मधे सगळं जंगल आणि डोंगर. मेशच्या सात उड्याही पुरणार नाहीत. जे काम करतं ते जुनंच: चाळीस किंवा ऐंशी मीटर, आणि अँटेना मुद्दाम खाली. सात मेगाहर्ट्झचा डायपोल म्हणजे वीसेक मीटर तार. ती पंधरा-वीस मीटर उंच टांगली तर सिग्नल लांब जातो. तीच तार चार-पाच मीटरवर टांगली तर सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि वरून छत्रीसारखा दोन-तीनशे किलोमीटरच्या घेरात पडतो. डोंगर मधे येतच नाही. दिवसा चाळीस, रात्री ऐंशी. आणि आवाज नको असेल तर त्याच तारेवर जेएस८ लावा. एफटी८ चंच तंत्र आहे, पण त्यावर मोकळं लिहिता येतं. १३ अक्षरांची अट नाही.

म्हणजे तार काकांची, सॉफ्टवेअर पोट्ट्याचं. आता यात आनंद मानायचा की नाही ते तुम्ही बघा.

एक सावधगिरी. त्या भागात वायरलेस घेऊन हौस म्हणून जाऊ नका. प्रशासन आणि पोलिसांना आधी लेखी कळवल्याशिवाय तर अजिबातच नाही. रेडिओ बघितला की तिथे प्रश्न आधी विचारतात आणि त्याला कारणं आहेत.

शाळामास्तर | सोमवार, रात्री ९:२५

हिंगण्याकडच्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या लहानपणी नागपूरचं मध्यमलहरींवरचं स्टेशन म्हणजे घरातला एक माणूस होता. शिवाय १९८८ पासून आकाशवाणीचं नॅशनल चॅनल १५६६ किलोहर्ट्झवर, हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, तेही नागपूरहूनच. रात्री दोनला कुठल्याही गावात लागायचं. आज वर्गातल्या एकाही मुलाच्या घरी ते पकडणारा सेट नाही, आणि ते चॅनलही बंद झालं. रेडिओ म्हणजे गाडीतली गाणी, एवढंच त्यांना ठाऊक.

पोट्टा_एफटी८ आणि लोराताई दोघं गेल्या वर्षी शाळेत आले होते. अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्ही (आवाजाच्या रूपात पाठवलेली) चित्रं येत होती. हातातली यागी अँटेना, एक हँडसेट, फोनवर ॲप, फोन स्पीकरजवळ धरलेला. एक चित्र उतरायला दोनेक मिनिटं. ओळ ओळ करून खाली सरकत येताना चाळीस मुलं श्वास रोखून उभी. अर्धं चित्र आलं आणि स्थानक क्षितिजाखाली गेलं. तरी मुलं नाचली. जुलै २०२५ ला शुभांशू शुक्ला स्थानकावरून हॅम रेडिओवर विद्यार्थ्यांशी बोलले ती बातमी वर्गात दाखवली, तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, आपण पण दाबू शकतो का बोलायचं बटण?" बारा वर्षांची आहे ती.

तिला मोर्स चालेल, एफटी८ चालेल, मेश चालेल. तिला कुठे नेऊन बसवू, हे मला सांगा. शहरात जिथे मूल जाऊन चालू स्टेशनसमोर बसू शकेल अशी एकही जागा माझ्या माहितीत नाही. सगळे शॅक (रेडिओच्या खोल्या) घरात, आणि घरं बंद.

काकूंचा_शॅक | सोमवार, रात्री ११:३०

सहसा लिहीत नाही. मास्तरांचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमचे हे सायलेंट की झाले, म्हणजे हॅमच्या भाषेत, गेले. मी स्वतः व्हीयू३ आहे. लग्नानंतर ह्यांनीच हट्टाने परीक्षा द्यायला लावली, आणि नंतर मी सेटवर बसले की "जरा पाच मिनिटं दे" करत मलाच उठवलं. असो. खालच्या खोलीत अजून सगळं तसंच आहे. दोन एचएफ सेट, एक घरी केलेला लिनियर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर), ट्यूनर, ट्रान्सफॉर्मर इतके जड की उचलवत नाहीत. आणि क्यूएसएल कार्डं (संपर्क झाल्याची पोच). बुटांच्या खोक्यांमधून. सोव्हिएत युनियनची कार्डं आहेत, युगोस्लाव्हियाची आहेत.

मुलगा बंगळूरला. तो म्हणाला, आई विकून टाक. भंगारवाला आला, त्याने तांब्याचा भाव सांगितला. ह्यांनी रात्र रात्र बसून गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर त्याने काट्यावर ठेवला. मी परत ठेवायला लावला.

ग्रुपमधल्या दोघा-तिघांना फोन केला होता तेव्हा. एकाने चांगला सेट कितीला देणार विचारलं. दुसऱ्याने सांगितलं की लायसन्स नसलेल्याला देऊ नका, ते बेकायदा आहे, आणि फोन ठेवला. बरोबरच आहे. पण मग द्यायचं कुणाला, हे नाही सांगितलं कुणी.

तुम्ही सगळे रिपीटर आणि मेशवर भांडताय. या शहरात माझ्यासारख्या किती घरांत अशी खोली कुलूप लावून पडली आहे, याची यादी आहे का ग्रुपकडे? पुढच्या काही वर्षांत ते सगळं काट्यावर जाणार आहे. एकीकडे पोरगा ग्रिलला तार बांधतो, दुसरीकडे माझ्या गच्चीवर मास्ट रिकामा उभा आहे. त्यावर कबुतरं बसतात.

निवृत्त_तारवाला | मंगळवार, सकाळी ६:२०

वहिनी, त्या फोन केलेल्यांत मी नव्हतो, पण मीच फोन करायला हवा होता. आज संध्याकाळी येतो.

पोट्टा_एफटी८ | मंगळवार, सकाळी ८:०२

काकू, मी पण येतो. काही न्यायला नाही. कोएक्सला (अँटेनाच्या केबलला) पावसाचं पाणी शिरलं असेल, ते पाहून घेतो. मास्टवर चढायला मला काही प्रॉब्लेम नाही, गुडघे चांगले आहेत.

आठशेसात | मंगळवार, सकाळी ८:४५

चढायच्या आधी गाय वायर (मास्टला धरून ठेवणाऱ्या तारा) तपास. टर्नबकल गंजलेले असतात. आणि पट्टा बांधल्याशिवाय चढू नकोस. हे मी ओरडून सांगतोय असं समज.

वहिनींच्या घरचा तो लिनियर मी ओळखतो, त्याच्या चेसीसची भोकं माझ्या ड्रिलने पाडली आहेत. कुणीही तो चालू करू नका. वर्षानुवर्षं बंद असलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेजवर फुटतात. व्हेरियॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) हळूहळू चढवावं लागतं. मी येऊन करतो.

आणि पोट्ट्या, ग्रिलवर व्हिप लावतोस तर काउंटरपॉइज (अँटेनाच्या जोडीची जमिनीऐवजीची तार) टाकला आहेस का? बाल्कनीच्या कडेने पाच-पाच मीटरच्या तारा सोड, जमेल तेवढ्या. गोंगाट जाणार नाही, पण तुझी पॉवर ग्रिल तापवण्यात जाणार नाही.

पोट्टा_एफटी८ | मंगळवार, सकाळी ९:००

नाही टाकला. टाकतो. हे आधी काऊन नाही सांगितलं कोणी!

आठशेसात | मंगळवार, सकाळी ९:०४

विचारलं होतंस?

लोराताई | मंगळवार, सकाळी ११:३०

हेच ना काका. विचारायचं कुठे? रविवारी सकाळी सातच्या नेटवर लायसन्स नसलेली मुलगी "ब्रेक ब्रेक" कशी म्हणणार? आणि लायसन्सवाल्यांनी म्हटलं तरी तीन जणांची पेन्शन संपेपर्यंत थांबावं लागतं.

हैदराबादच्या अशहर फरहान यांचं बघा. त्यांनी बिटेक्स या घरी बांधायच्या हॅम सेटचं सर्किट उघड करून टाकलं, कुणीही बांधा. नंतर स्वस्त किटं काढली, जगभर गेली. त्या बोर्डवर आमच्या कॉलेजची मुलंही सोल्डरिंग शिकली आणि तुमच्या पिढीतल्यांनीही तोच बांधला. त्याच्यावर भांडण नाही झालं कधी, कारण तिथे हाताला काम होतं.

मेशच्या प्रस्तावातून मी आठ नोड कमी करते. चार पुरे. बारा ठिकाणी चढणार कोण, हा प्रश्न मला रात्रभर नीट झोपू देत नव्हता.

बर्डीचा_डायपोल | मंगळवार, रात्री १०:१५

संध्याकाळी वहिनींकडे सात जण होते. लोराताई, मास्तर, तारवाले काका, ८०७ काका, पोट्टा, मी आणि नवा_ऐकणारा (तो खरंच आला, वॉकीटॉकी घरी ठेवून). वहिनींनी पोहे केले, तर्री वेगळी दिली.

तिथे जे बोलणं झालं ते मांडतो. हा निर्णय नाही, रविवारी सगळ्यांसमोर ठेवू.

वहिनींची खालची खोली आणि गच्ची शनिवार-रविवारी ग्रुपला वापरायला द्यायला त्या तयार आहेत. स्टेशनचा पत्ता, कोणाच्या लायसन्सवर काय चालेल, क्लबच्या नावाने परवाना घ्यायचा का, हे तारवाले काका कागदावर बघतील. लायसन्स नसलेली मुलं लायसन्सधारकाच्या समोर बसून ऐकतील, लॉग लिहितील, शिकतील. बटण नाही. मास्टवर चाळीस मीटरचा डायपोल, खाली टांगलेला, भामरागड_रोड यांनी सांगितला तसा. त्यावर एसएसबी पण आणि जेएस८ पण. चार मेश नोड, त्यातला एक वहिनींच्याच गच्चीवर. रिपीटरला यंदा फक्त बॅटरी घ्यायची. डुप्लेक्सर खाली उतरवून ८०७ काका आणि पोट्टा मिळून तपासतील. बिघाड मोठा निघाला तर त्यावर खर्च नाही.

बंद पडलेल्या शॅकची यादी मी करतोय. जिथे कुणी गेलंय किंवा ज्यांना आता जमत नाही अशा घरी आधी जाऊन भेटायचं. भाव विचारायला नाही.

मतभेद शिल्लक आहेत, तेही लिहितो. रिपीटर यंदा पूर्ण दुरुस्त होत नाही याला तीन सीनियर मंडळींचा विरोध आहे आणि त्यांनी वर्गणी परत मागण्याची भाषा केली आहे. त्यांचंही ऐकायला हवं. पैसे देताना त्यांना रिपीटरसाठीच म्हणून सांगितलं होतं, ही गोष्ट खरी आहे.

आठशेसात | मंगळवार, रात्री १०:५०

त्या तिघांशी मी बोलतो. तुम्ही पोरांनी मधे पडू नका, प्रकरण चिघळेल.

बाकी, एफटी८ ला मी अजूनही संपर्क मानत नाही. आज त्या पोराने माझ्यासमोर लावलं, वहिनींच्या तारेवर. न्यूझीलंड आलं. मी विचारलं, नाव काय त्याचं? तो म्हणाला, नाव येत नाही काका, फक्त ग्रिड स्क्वेअर (ठिकाणाचा कोड) येतो.

पोट्टा_एफटी८ | मंगळवार, रात्री १०:५८

पण काका, मग क्यूआरझेड वेबसाइटवर त्याचं पान उघडून तुम्हीच पंधरा मिनिटं त्याच्या टॉवरचे फोटो पाहून राहिले होते.

निवृत्त_तारवाला | मंगळवार, रात्री ११:१०

लॉग वहीतच ठेवायचा, मी सांगून ठेवतो. रेघा मारलेली जाड वही आणली आहे.

लोराताई | मंगळवार, रात्री ११:१२

वही ठेवा काका, मी रोज त्याचा फोटो काढून शीटमध्ये भरेन. वेळ मात्र यूटीसीमध्ये (जगभर एकच धरलेली वेळ) लिहा, आज तुम्ही भारतीय वेळ लिहिली आहे आणि माझ्या पहिल्या पाच नोंदी आत्ताच साडेपाच तासांनी चुकल्या.

शाळामास्तर | बुधवार, सकाळी ७:१५

शनिवारी त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन येतोय. पालकांची लेखी परवानगी घेतली आहे. वहिनींकडे जायला हिंगण्याहून सोयीची बस कुठली? आणि व्हेरियॅकचं काम त्या आधी उरकलेलं असेल ना? मुलं हात लावल्याशिवाय राहत नाहीत.